न उचललेला फोन

घरचे माणूस वेळेवर परतले नाही, की आपण फोन लावतो. घंटा वाजत राहते, पलीकडे कोणी उचलत नाही. अशा फोनमधून काहीच कळत नाही, असे आपण धरून चालतो. ते खरे नाही.

8 मार्च 2014 रोजी क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेले मलेशियाचे विमान मध्यरात्रीनंतर वाट सोडून नाहीसे झाले. आत 239 माणसे होती. त्यांत पाच भारतीय, काही तर मराठी घरांतली. जमिनीवरून उपग्रहामार्फत विमानाला दोनदा फोन लावला गेला. कोणी उचलला नाही. पण विमानातले यंत्र सकाळी 8 वाजून 19 मिनिटांपर्यंत अधूनमधून उपग्रहाला ‘ओ’ देत होते.

हा उपग्रह सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवर. संदेश प्रकाशाच्या वेगाने जातो, तरी जायला-यायला वेळ लागतोच. तो मोजला की अंतर कळते, दिशा मात्र कळत नाही. तेवढ्याच अंतरावरची सगळी ठिकाणे पृथ्वीवर एका वर्तुळावर येतात.

मग दुसरी खूण बघायची. स्टेशनात शिरणाऱ्या गाडीची शिटी चढी ऐकू येते, दूर जाताना तिचा सूर उतरतो. संदेशाच्या कंपनसंख्येतही असाच बारीक फरक पडतो. त्यावरून इनमारसॅट कंपनीच्या अभियंत्यांनी ताडले, की विमान दक्षिणेकडे, हिंदी महासागरावर गेले.

हातातल्या सॅटेलाइट फोनचेही तेच. इरिडियमचे उपग्रह सुमारे 780 किलोमीटरवरून वेगाने धावतात, त्यामुळे तिथे सुराचा हा चढउतार फारच ठळक असतो. आता तर बऱ्याच फोनमध्ये जीपीएसच असते. फोन जोडून द्यायचा, तर माणूस कुठल्या भागात आहे हे यंत्रणेला ठाऊक असावेच लागते. हीच माहिती जिवावरही उठते. 1996 साली चेचेन नेते दुदायेव सॅटेलाइट फोनवर बोलत असतानाच क्षेपणास्त्राने मारले गेले.

बँकेत आम्ही नव्या कारकुनाला सांगत असू, ‘बिनकामाची वाटली तरी नोंद कर.’ 2009 साली एअर फ्रान्सचे विमान अटलांटिकमध्ये कोसळल्यावर संदेशाच्या या वेळेची नोंद ठेवली जाऊ लागली. पाच वर्षांनी तीच उपयोगी पडली.

2017 साली थांबवलेल्या शोधात विमान सापडले नाही. पण जुलै 2015 मध्ये रियुनियन बेटाच्या किनाऱ्याला त्याच्या पंखाचा तुकडा लागला होता. कोणत्या समुद्राकडे पाहून हात जोडायचे, एवढे तरी त्या घरांना कळले.