‘ग्रेटफुल डेड’ : ड्रमर एक की दोन?

कॅलिफोर्नियातील ‘ग्रेटफुल डेड’ या सायकेडेलिक रॉक बँडचा मैफलीतील सर्वोत्तम संच कोणता, हा चाहत्यांचा जुना वाद. त्याचे मूळ तालात आहे. फेब्रुवारी १९७१मध्ये मिकी हार्ट बाहेर पडला आणि ड्रमवर बिल क्रॉइट्झमन एकटाच उरला. लय एकाच हाती आल्याने जेरी गार्सियाची गिटार हवी तिथे वळू लागली. १९७२चा युरोप दौरा याची साक्ष देतो. हार्ट परतल्यावर ठेका भारदस्त झाला, पण वळणे जड झाली. ८ मे १९७७च्या कॉर्नेल विद्यापीठातील मैफलीचे भक्त हे अर्थातच मानणार नाहीत! प्रेक्षकांना ध्वनिमुद्रणाची मुभा असल्याने पुराव्यांचा तुटवडा कोणालाच नाही. आमचा कौल १९७२ला. गायक-कीबोर्डवादक पिगपेनचा तो अखेरचा दौरा; मार्च १९७३मध्ये, अवघ्या २७व्या वर्षी त्याचे निधन झाले.