नवशिक्याने जबर ताकदीची मोटारसायकल घ्यावी काय?



या पानावर आम्ही एरवी लागण, खोडवा, बेसल डोस आणि हुमणी यांविषयी लिहितो. यावेळचा विषय जरा निराळा आहे. निमित्त असे घडले की, आमच्या गट कार्यालयात एक जुने सभासद आले. खोडव्याची नोंद झाली, चहा झाला, तरी ते उठेनात. शेवटी म्हणाले, "साहेब, पोरगं ऐकंना झालंय. बारावी झाली, लायसन काढलं. आता उसाचं बिल आलं की मोठी गाडीच पायजे म्हणतंय, ती केटीएम. आजवर शेजाऱ्याची स्प्लेंडर मागून चार दिवस फिरवली, एवढाच त्याचा सराव. तुमचं सगळं आयुष्य मोटारसायकलवर चाललंय, तुम्हीच सांगा, द्यावी का?"

त्यांना जे तोंडी सांगितले तेच येथे सविस्तर मांडतो. कारण बिलाचा हप्ता खात्यावर पडला की हा प्रश्न पुष्कळ घरांत निघतो.

ताकद म्हणजे काय हे शेतकऱ्याला शिकवायला नको. आपल्या गव्हाणीकडे ऊस आणणारा ट्रॅक्टर साधारण ४५ ते ५० अश्वशक्तीचा असतो आणि दोन ट्रॉल्या भरून तो ऊस ओढतो. चाकणला तयार होणारी केटीएम ३९० ड्यूक २०१३ साली बाजारात आली तेव्हा तिची ताकद सुमारे ४३ अश्वशक्ती होती. म्हणजे जवळजवळ ट्रॅक्टरच. ओढायचे काय, तर दीडशे-पावणेदोनशे किलोची गाडी आणि साठ किलोचे पोरगे! स्प्लेंडरची ताकद आठ अश्वशक्तीच्या आसपास. तिची मूठ चुकून जास्त पिळली गेली तर गाडी गुरगुरते आणि थोडी पुढे सरकते. तीच चूक मोठ्या गाडीवर झाली तर काय झाले हे कळायच्या आत समोरचा टेम्पो जवळ आलेला असतो.

मात्र नुसता सीसीचा आकडा पाहून निर्णय करू नये. बुलेट ३५० सीसीची, पण तिची ताकद वीस अश्वशक्तीच्या घरातली. ती उधळत नाही. तिचा त्रास वेगळा, तो वजनाचा. किरकोळ अंगाच्या पोराला ती चिखलात वळवताना आवरत नाही.

बुलेटचा विषय निघालाच आहे तर आमची स्वतःची फजिती सांगून टाकतो. २००३ सालची गोष्ट. कृषी पदविका करून आम्ही नुकतेच नोकरीस लागलो होतो. गटात फिरायला एक साधी शंभर सीसीची गाडी होती. एके दिवशी ती पंक्चर झाली, म्हणून एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांची बुलेट मागून घेतली. त्या काळच्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असे. निघण्यापूर्वी त्यांनी दोनदा बजावले, आम्ही दोनदा मान डोलावली. चार किलोमीटर सुखरूप गेलो. मग चारीच्या वळणावर उसातून एकदम म्हैस आडवी आली. पाय सवयीने उजवीकडे दाबला गेला. तिथे ब्रेक नव्हता, गिअर होता. म्हैस निघून गेली, आम्ही चारीत. मनगट मोडले, ऐन हंगामात सहा आठवडे प्लास्टर, आणि नोंदी घ्यायला दुसऱ्याच्या मागे बसून हिंडावे लागले.

यावरून एक गोष्ट आमच्या डोक्यात पक्की बसली. संकटाच्या वेळी डोक्याला काय माहीत आहे त्याला किंमत नसते, हातापायाला काय सवय आहे तेवढेच कामी येते. पोरे म्हणतात, "एक्सलेटर माझ्याच हातात आहे की! नाही पिळला म्हणजे झालं." बोलणे खोटे नाही. पण खड्ड्यात गाडी आदळली की नवशिक्याची मूठ आपोआप आवळते, आणि आवळताना पिळली जाते. घाबरलेला माणूस हाताला येईल ते धरतो. सवय लागायच्या आधी ताकद हातात आली की हे असे होते.

ब्रेकचेही तसेच. आपल्याकडे शिकवणारा पहिला धडा देतो तो "पुढचा ब्रेक दाबू नको, उलटा होशील" असा. हा धडा अर्धा चुकीचा आहे. ब्रेक दाबताच गाडीचे वजन पुढच्या चाकावर येते, म्हणून थांबवण्याचे बरेचसे काम पुढचाच ब्रेक करतो. तो हळूहळू वाढवत दाबायला शिकावे लागते आणि ते अंगात भिनायला काही महिने जातात. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. त्यामुळे चाक जाम होऊन घसरणे कमी झाले, हे चांगलेच आहे. पण लांबून धोका ओळखायचे काम एबीएस करीत नाही.

जुन्या सभासदांना राजदूत ३५० आठवत असेल. यामाहाच्या तंत्राने एस्कॉर्ट्स कंपनीने ती १९८३ साली काढली, आणि त्याच साली 'हीरो' सिनेमात जॅकी श्रॉफने ती फिरवली. तोवर लोकांना राजदूत म्हणजे १७५ सीसीची, दूधवाल्याची गरीब गाडी माहीत. ही दोन सिलिंडरची, तीस अश्वशक्तीच्या आसपासची निघाली. परदेशातल्या मूळ गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, इथे मात्र ड्रम ब्रेक बसवला. नाव ओळखीचे, पळणे अनोळखी आणि थांबणे जुने, असा तो मामला होता. पेट्रोलही फार पिई. ती फार वर्षे टिकली नाही.

आता आपल्या भागातल्या रस्त्यांकडे येऊ. टेंभुर्णी–पंढरपूर असो की मोहोळ–पंढरपूर, हंगामात हे रस्ते एरवीसारखे राहत नाहीत. पडलेल्या कांड्या, वाढे, ट्रॉलीच्या चाकांनी शेतातून आणलेला काळा चिखल. त्यावर दव पडले की पहाटे रस्ता साबण लावल्यासारखा होतो. हंगामाच्या तोंडाशीच कार्तिकी येते, म्हणजे कडेने पायी दिंड्या. आणि अंधारात पुढे डबल ट्रॉली उभी, चालक टायर बदलतोय, मागे ना दिवा ना रेडियमची पट्टी.

ताशी ९० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात २५ मीटर जाते. चार फुटी सऱ्या मोजल्या तर वीस सऱ्या, आणि तेवढ्यात पोराचा हात अजून ब्रेकपर्यंत पोचलेलाही नसतो. ६० वरून ९० वर गेले की वेग दीडपट होतो, पण ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर सव्वादोनपट होते. देशात २०२२ साली रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली, त्यांत शंभरातली ४४ हून जास्त दुचाकीवरची होती. अशा एकाच्या दहाव्याला आम्ही स्वतः गेलो आहोत. सभासदाचा मुलगा, वय एकोणीस, गाडी दोन महिन्यांची, आणि पुढे उभी होती ती उसाचीच ट्रॉली. वेग त्याचा होता हे खरे, पण त्या ट्रॉलीला पट्टी नव्हती हेही खरे. त्याच्या वडिलांपुढे बसल्यावर आम्हाला मान वर करता आली नाही.

कायद्याचा यात फारसा आधार नाही. आपल्याकडे गिअरच्या गाडीचे लायसन एकच. परीक्षा शंभर सीसीवर द्यावी आणि दुसऱ्या दिवशी साडेसहाशे सीसीवर बसावे, अडवणारा कोणी नाही. युरोपात पायऱ्या आहेत. पहिली १२५ सीसी आणि सुमारे १५ अश्वशक्तीपर्यंत, दुसरी सुमारे ४७ पर्यंत, आणि त्यापुढे मोकळीक. पोरांच्या बाजूने एक सांगितले पाहिजे : आपण जिला राक्षस म्हणतो ती ३९० तिकडे मधल्या पायरीत बसते आणि अठराव्या वर्षी चालवता येते. पण तिथे त्या पायरीची परीक्षा त्याच ताकदीच्या गाडीवर द्यावी लागते. अठराच्या आतल्या मुलाच्या हाती गिअरची गाडी देणाऱ्यांनी मात्र सावध असावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तर द्यावी का? आमचे मत असे की, पहिले दोन हंगाम १०० ते १२५ सीसीची गाडी द्यावी, तीही जुनी चालेल. एक दोनदा पडणारच, तर पडायला स्वस्त बरी. रोज महामार्गाने सोलापूरला कॉलेजला जायचे असेल तर १५० सीसीपर्यंत हरकत नाही, कारण फार दुबळी गाडीही ट्रॉली ओलांडताना दगा देते. खोंड आपण आधी जुन्या बैलाच्या जोडीला रिकाम्या गाडीला जुंपतो, पहिल्याच दिवशी उसाच्या गाडीला नाही. हेल्मेट मात्र पहिल्या दिवसापासून, आणि आयएसआय शिक्क्याचे. दोन हंगामांनी पोराने हवी ती घ्यावी, आमची काही तक्रार नाही. गाडी वाईट नाहीच.

त्या सभासदांनी हा हिशेब घरी सांगितला. पोरगे दोन दिवस जेवले नाही म्हणे. तिसऱ्या दिवशी मामाची जुनी स्प्लेंडर दारात आली. परवा बांधावर भेटले तेव्हा तोंड फुगवूनच होते, पण डोक्यात हेल्मेट होते. "साहेब, दोन हंगाम म्हणजे खोडव्यासकट का नुसतं लागणीचं?" असे विचारले. आम्ही खोडव्यासकट सांगितले.

ट्रॅक्टरमालक सभासदांना आणि बैलगाडीवान बंधूंना विनंती की, फेरीला निघण्यापूर्वी मागच्या फळीवरची रेडियम पट्टी चिखल पुसून स्वच्छ करावी. उसाची वाढे तिच्यावर लोंबू देऊ नयेत. वाटेत ट्रॉली बंद पडल्यास मागे तीस-चाळीस पावलांवर झाडाची हिरवी फांदी टाकतात, ती रात्री दिसत नाही. तिथे बॅटरी घेऊन माणूस उभा करावा.