कागदपत्रे, नाणी व ताम्रपट यांच्या छायाचित्रणासाठी भिंगाची निवड

दफ्तरखान्यात जाणारा संशोधक विद्यार्थी आज वहीबरोबर कॅमेराही नेतो. जुने कागद वारंवार हाताळणे त्यांच्या आयुष्यास घातक असते. म्हणून एकदा उलगडलेला कागद पुन्हा उलगडावा लागू नये, इतके स्पष्ट छायाचित्र पहिल्याच वेळी मिळावयास हवे. तथापि बहुतेकांचे द्रव्य कॅमेऱ्यावरच खर्ची पडते आणि भिंगाचा विचार उरल्यासुरल्या पैशांत उरकला जातो. डीएसएलआर कॅमेऱ्यांपुरता हा क्रम उलटा असावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कॅनन व निकॉन यांनी २०२० नंतर या जातीचा नवा कॅमेरा काढलेला नाही. त्यामुळे वापरलेले कॅमेरे व भिंगे बरीच स्वस्त झाली आहेत, आणि विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही इष्टापत्तीच होय.

प्रथम आपली गरज मोजून पाहू. २४ मेगापिक्सेलच्या सामान्य कॅमेऱ्यातील संवेदक सुमारे २३.५ मिलीमीटर लांब असतो व त्या लांबीत ६००० बिंदू मावतात. २९७ मिलीमीटर लांबीचा कागद चौकटीत बसविल्यास दर मिलीमीटरला २० बिंदू मिळतात. अर्ध्या मिलीमीटर जाडीची मोडी रेघ दहा बिंदूंनी उमटते. वाचनास एवढे पुष्कळ झाले. येथे संवेदकावरील प्रतिमा मूळ कागदाच्या सुमारे तेराव्या हिश्शाएवढीच असते; तिच्यासाठी खास ‘मॅक्रो’ भिंगाची आवश्यकता नाही. ५० मिलीमीटर नाभीय अंतराचे, एफ/१.८ छिद्राचे साधे भिंग पुरते. कॅमेरा कागदापासून सुमारे पाऊण मीटरवर, तिवईवर, कागदाशी समांतर बसवावा. एफ/१.८ ची कीर्ती मंद प्रकाशासाठी आहे; कागदाच्या बाबतीत तिचा मोह धरू नये. पूर्ण उघड्या छिद्राने कडेची अक्षरे पुसट होतात, एफ/५.६ ते एफ/८ येथे ती सुधारतात. तेवढाही खर्च न झेपल्यास कॅमेऱ्याबरोबर मिळणारे १८-५५ मिलीमीटरचे भिंग टाकाऊ मानू नये. १८ च्या टोकाला सरळ ओळी बाहेर फुगतात. ५० च्या आसपास हा दोष फार कमी होतो.

नाण्याचा प्रश्न निराळा. २० मिलीमीटर व्यासाचे नाणे घ्या. निकॉनचे ५० मिलीमीटर एफ/१.८ भिंग ४५ सेंटिमीटरपेक्षा जवळ जाऊ शकत नाही. तेथे नाण्याची प्रतिमा जेमतेम तीन मिलीमीटर, म्हणजे आठशेहून कमी बिंदूंची होते. झिजलेल्या कडेवरील अक्षर तेवढ्यात ओळखणे कठीण. गंमत अशी की, स्वस्त १८-५५ भिंग याच नाण्याची प्रतिमा मूळच्या सुमारे एकतृतीयांश देते! मध्यम खर्चात ‘एक्स्टेन्शन ट्यूब’ घ्यावी. ही केवळ पोकळ नळी. तीत काच नसते. २५ मिलीमीटरची नळी ५० च्या भिंगामागे लावली की प्रतिमा नाण्याच्या निम्मी होते व बिंदू अडीच हजारांवर जातात.

खऱ्या मॅक्रो भिंगाचा इतिहास आपल्या कामाशी जवळचा आहे. निकॉनने १९५६ मध्ये ‘मायक्रो-निक्कोर’ काढले, त्याचे कारण जपानी लिपी. रोमन अक्षरांच्या सूक्ष्मचित्रणास पुरेशी असलेली भिंगे गुंतागुंतीच्या कांजी अक्षरांना अपुरी पडत. सपाट पृष्ठाच्या कडेपर्यंत सारखी रेखीवता हा या भिंगांचा गुण आजही टिकून आहे. मात्र ४० मिलीमीटरचे मॅक्रो भिंग पूर्ण आकाराची प्रतिमा घेताना वस्तूच्या इतके निकट जाते की त्याची सावलीच वस्तूवर पडते. ताम्रपटावरील कोरलेली अक्षरे उठून दिसण्यासाठी प्रकाश बाजूने, अगदी तिरपा यावयास हवा. त्यास वाट ९० ते १०५ मिलीमीटरच्या भिंगानेच मिळते. ही भिंगे महाग आहेत. एकेका विद्यार्थ्याने कर्ज काढण्यापेक्षा विभागाने एक घेऊन आळीपाळीने वापरणे शहाणपणाचे. त्याने पूर्ण आकाराची प्रतिमा घेताना एफ/८ हे परिणामतः सुमारे एफ/१६ होते, हे ध्यानात ठेवावे. छिद्र आणखी लहान केल्यास विवर्तनाने रेखीवता घटते.

जुनी, हाताने जुळवावयाची ५५ मिलीमीटर मायक्रो-निक्कोर भिंगे अद्याप मिळतात व निम्म्या आकारापर्यंत जातात. स्वस्त निकॉन कॅमेऱ्यांवर त्यांच्यासह प्रकाशमापन चालत नाही. परंतु कागद कोठे पळून जात नाही, एकदोन चाचणी-चित्रे घेऊन प्रकाश ठरविता येतो. १९७७ पूर्वीचे, बदल न केलेले भिंग मात्र विचारून घ्यावे, कारण ते काही कॅमेऱ्यांच्या तोंडाशी असलेला लहान खटका मोडू शकते. कोकणासारख्या दमट प्रदेशातून आलेले भिंग विजेरीच्या प्रकाशात आरपार पाहावे. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसल्यास ती बुरशी होय; असे भिंग किंमत कितीही उतरविली तरी घेऊ नये.