खेळाडूच्या अंगावरची जर्सी

हॉकीचे नाव काढले की नांदेडकरांना श्री गुरू गोबिंदसिंघजी सुवर्ण व रजत चषकाची अखिल भारतीय स्पर्धा आठवते. तिच्या निमित्ताने देशभरातील संघ या शहरात येतात आणि स्टिकचा आवाज ऐकत लहानाची मोठी झालेली एक पिढी येथे आहे. आपल्या वसतिगृहातही त्या आवाजाचे वेड होते. नव्वदच्या दशकात वर्तमानपत्रांतून कापलेली धनराज पिल्ले यांची छायाचित्रे वह्यांच्या पुठ्ठ्यांवर चिकटवली जात. आज आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी काही जण चित्रांच्या पुढे जाऊन आवडत्या खेळाडूने प्रत्यक्ष सामन्यात घातलेली जर्सी मिळवण्याच्या खटपटीत असतात. हा छंद नेमका काय आहे आणि त्यात खरे-खोटे कसे ओळखावे, असे अनेकांनी विचारले, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम जर्सीचे प्रकार समजून घ्यावे लागतात. दुकानात मिळते ती प्रतिकृती. खेळाडूसाठी संघाने तयार केलेली, पण मैदानावर न उतरलेली ती दुसरी. आणि जिच्यावर घाम सांडला, जी ओढली गेली, घासली गेली, ती तिसरी. संग्राहकाचा जीव अडकतो तो या तिसरीत. पहिल्या दोन कितीही सुबक असोत, त्यांच्यात केवळ नाव व क्रमांक असतो. तिसरीत एक विशिष्ट दिवस असतो. स्वाक्षरीने मात्र फसू नये. स्वाक्षरी एवढेच सांगते की खेळाडूने त्या कापडावर लेखणी टेकवली. ते अंगात घातले होते, हे ती सांगत नाही.

मग घातले होते हे कशावरून ठरवायचे? सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे छायाचित्राशी पडताळणी. क्रमांकाची कड कोणत्या शिवणीला टेकते, बिल्ला किती तिरका बसला आहे, कोठे धागा निघाला आहे, हे बारकावे प्रत्येक जर्सीत निराळे असतात. १९८६ च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध मॅराडोना यांनी घातलेली निळी जर्सी हे याचे गाजलेले उदाहरण. ते सदरे सामन्याच्या काही दिवस आधी मेक्सिको शहरातील दुकानातून घाईने आणले होते. बिल्ले आणि चंदेरी क्रमांक नंतर लावले गेले. सामना संपल्यावर इंग्लंडच्या स्टीव्ह हॉज यांनी मॅराडोना यांच्याशी जर्सीची अदलाबदल केली. २०२२ साली ती लिलावास निघाली तेव्हा मॅराडोना यांच्या कुटुंबीयांनी हरकत घेतली की ही पूर्वार्धातील जर्सी आहे, गोल झाले ते उत्तरार्धात. लिलाव करणाऱ्यांनी बिल्ला, पट्टे आणि क्रमांक यांचे बारकावे सामन्यातील छायाचित्रांशी जुळवून आपला दावा मांडला आणि जर्सी सुमारे ७१ लाख पौंडांना विकली गेली. घाईने केलेले ओबडधोबड काम असे पुराव्याच्या उपयोगी पडले.

दुसरी खूण झिजेची. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम मैदानावर गेली. त्या मैदानावर घसरून पडले की कोपर व खांद्यापाशी कापड चरचरून भाजल्यासारखे होते. मुरमाच्या मैदानावरचा तांबूस डाग निराळाच; आपल्याकडच्या जुन्या जर्सींवर तो हमखास सापडतो. तिसरी खूण काळाची. प्रायोजकाचे नाव पाहावे. भारतीय संघाच्या छातीवर ‘ओडिशा’ असेल, तर ती जर्सी २०१८ पूर्वीची असू शकत नाही. या एका कसोटीवर ‘धनराजची’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या काही वस्तू क्षणात बाद होतात, कारण त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द १९८९ ते २००४ अशी होती.

धनराज यांच्याच जर्सीचा शोध घ्यायचा, तर तो विषय मोठा आहे. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक आणि चार आशियाई स्पर्धा ते खेळले. शिवाय परदेशी क्लब आणि प्रीमियर हॉकी लीगमधील मराठा वॉरियर्स. बहुतेकांना हवी असते ती १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेची, जेथे त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने ३२ वर्षांनी सुवर्णपदक जिंकले. आमचे मत थोडे वेगळे आहे. २००० साली सिडनीत पोलंडविरुद्ध शेवटच्या क्षणी बरोबरी झाली आणि उपांत्य फेरी हातची गेली. त्या दिवसाचे कापड कोणी जपले असेल, तर त्याचे मोल आम्ही कमी मानणार नाही.

या खेळाडूची मुळे पाहिली की छंदाला आणखी एक अर्थ येतो. पुण्याजवळच्या खडकीत, दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, इतरांनी टाकून दिलेल्या मोडक्या स्टिक बांधून ते खेळायला शिकले. टाकलेल्या वस्तूंशी आपल्या समाजाचेही जुने नाते आहे, आणि ते सुखाचे नाही. दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेले, प्रसंगी मृताच्या अंगावरचे वस्त्र हा ज्यांचा ‘हक्क’ म्हणून सांगितला गेला, त्यांच्याच लेकरांना १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी स्वच्छ व नीटनेटके राहण्यास बजावले. त्यामुळे दुसऱ्याचा घामेजलेला सदरा जपण्याची कल्पना आपल्या काही वडीलधाऱ्यांना आजही रुचत नाही. तो संकोच आम्हाला समजतो. पण उतरलेले वस्त्र लादले जाणे आणि आदराने मागून घेणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पालि परंपरेत चेतियांच्या प्रकारांत ‘पारिभोगिक’ असा एक प्रकार आहे: पात्र, चीवर यांसारख्या वापरातल्या वस्तू. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कोट, टोपी, टंकलेखन यंत्र जपले आहे, ते पाहताना कापडात माणूस कसा उरतो हे ज्याचे त्याला कळते. खेळाडूच्या जर्सीची बरोबरी त्याच्याशी करायची नाही. जपण्यामागची भावना तेवढी ओळखीची आहे.

जपणूक झाली नाही तर काय होते, हेही पाहावे. पुण्यात २०१२ साली सुरू झालेल्या ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ संग्रहालयात क्रिकेटपटूंनी वापरलेल्या बॅटी आणि जर्सी नीट मांडलेल्या दिसतात. हॉकीत मात्र तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणारे बलबीरसिंग (सीनियर) यांनी १९८५ साली नियोजित संग्रहालयासाठी आपला १९५६ चा मेलबर्न ऑलिंपिकचा ब्लेझर, ३६ पदके आणि सुमारे शंभर छायाचित्रे भारतीय क्रीडा प्राधिकरणाकडे सोपवली. २०१२ साली चौकशी झाली तेव्हा त्या वस्तूंचा ठावठिकाणा लागेना. २०२० साली त्यांचे निधन झाले. एवढ्या थोर खेळाडूच्या वस्तूंची ही गत होते, तेथे आपल्या घरच्या वस्तूंचे काय सांगावे! आपल्याकडे जुना सदरा बोहारणीकडे जातो, त्याचे फडके होते किंवा तो वाकळेत शिवला जातो. वाकळेत गेला तर निदान घरात तरी राहतो.

हे सारे सांगण्याचे कारण जवळचे आहे. नांदेड व लातूर जिल्ह्यांत राहणाऱ्या आपल्या कित्येक माजी विद्यार्थ्यांच्या पेटीत शाळेच्या हॉकी संघाच्या जर्सी पडून आहेत. शाळेची जर्सी एकाची नसते. एक वर्ग पास होऊन गेला की सात क्रमांक पुढच्या मुलाच्या अंगावर जातो. म्हणून तिच्यावर एक नाव शोधणे व्यर्थ, नावांची माळ शोधावी लागते. ती माळ माहीत असणारे आज पन्नाशी-साठीत आहेत.

ज्यांच्याकडे अशी जर्सी असेल त्यांनी ती धुऊ नये, इस्त्री करू नये; डाग हाच पुरावा असतो. प्लास्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते, म्हणून धुतलेल्या मांजरपाटात सैल गुंडाळून, उन्हापासून दूर, शक्यतो घड्या न पाडता ठेवावी. डांबराच्या गोळ्या कापडाला चिकटू देऊ नयेत. सोबत चिठ्ठी असावी: कोणी घातली, कोणत्या साली, कोणाविरुद्ध, कोणाकडून कोणाकडे आली. जुने सांघिक छायाचित्र असल्यास त्याची प्रत जोडावी. चिठ्ठी टाचणीने टोचू नये, गंज उतरतो; दोऱ्याने बाहीला सैल बांधावी.