रब्बीला न मिळणारा वारा (आपली वीज : भाग ६)

पवनचक्की वीज कशी तयार करते ते मागच्या भागात पाहिलं. आता तिच्यावरचे आक्षेप बघू. ते मेडशीकरांनी आजच पारखून घ्यावेत असं मला वाटतं. मनोरे उंच होत गेले तसे कमी वाऱ्याचे प्रदेशही कंपन्यांना परवडू लागलेत. पातूर घाटावरचे आपले डोंगर उद्या कुणाच्या नकाशावर आले तर काय विचारायचं, ते आधी ठाऊक असावं.

सातारा, सांगली, धुळ्याकडे दुष्काळात हमखास ऐकू येणारा आक्षेप म्हणजे पवनचक्क्या ढग पळवून लावतात. हा सोडून द्यावा. पाऊस देणाऱ्या बाष्पाचा थर कित्येक किलोमीटर जाडीचा असतो. शे-दीडशे मीटर उंचीवरची पाती त्याच्या तळाशी फिरतात आणि वाऱ्यातली अगदी थोडी ऊर्जा घेतात. पाऊस का रुसला याची कारणं समुद्रावर शोधावी लागतात.

खरा आक्षेप वेळेचा आहे आणि तो आपल्या शेतापर्यंत येतो. महाराष्ट्रातल्या पवनचक्क्यांची वर्षातली निम्म्याहून जास्त वीज जून ते सप्टेंबर या ४ महिन्यांत तयार होते. त्या दिवसांत आपल्याकडे सोयाबीन-तूर पावसावर उभी असते, विहिरीवरच्या मोटारी बंद असतात. ओलिताची खरी गरज दिवाळीनंतर, हरभरा-गहू पेरल्यावर लागते आणि नेमका तेव्हा वारा पडतो. पडतो म्हणजे थोडा कमी होतो असं नाही. वाऱ्याचा वेग निम्म्यावर आला की त्यातली शक्ती आठव्या हिश्शावर येते. त्यामुळे डिसेंबरातल्या रात्रीच्या लाइनचा भार पारससारख्या कोळशावरच्या केंद्रांना उचलावा लागतो. कागदावरची क्षमता कितीही मोठी असो, राज्यातल्या बहुतेक जुन्या पवनचक्क्या वर्षभराच्या सरासरीत तिच्या पाव हिश्शाच्या वर फारशा जात नाहीत. पावसाळ्यात सूर्य झाकलेला असताना वारा कामाला येतो, हेही खरं. पण शेतकऱ्याला दिवसा ओलित करू देणारी वीज हवी असेल तर सौर वाहिनीचा आग्रह धरणं मला अधिक शहाणपणाचं वाटतं.

दुसरा खरा आक्षेप जागेचा. वारा डोंगरमाथ्यावर चांगला मिळतो आणि तिथलं पठार सरकारी कागदात बहुधा पडीक असतं. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी काम केलं. ते २०१८ साली प्रसिद्ध झालं. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौथाईच उरले होते. घार-ससाणे हटले तसे गळ्याला निळी-नारिंगी झालर असलेले सरडे तिथे वाढले. त्यांची भीतीही कमी झाली, माणूस पार जवळ गेला तरी ते पळेनात. मात्र गर्दीमुळे खाणं पुरेना, अंगानं ते बारीक झाले. म्हणजे पात्याला आपटून किती पक्षी मेले एवढंच मोजून भागत नाही. पठारावर कुणी कुणाला खायचं ती सगळी घडीच बदलते.

पात्यांपेक्षा रस्त्यांनी जास्त नुकसान केलं ते भीमाशंकरजवळ. पुणे जिल्ह्यातल्या खेड-मावळच्या डोंगरांवर एनरकॉन कंपनीच्या प्रकल्पाला वनजमीन देण्यात आली. हे शेकरूचं जंगल आहे, इथे परवानगी देऊ नये, असं स्थानिक वनक्षेत्रपालांनी लिहून दिलं होतं. वरिष्ठांनी ते मानलं नाही. माधव गाडगीळ समितीच्या २०११च्या अहवालात हे सारं नोंदलेलं आहे. अवजड पाती वर न्यायला डोंगर कापून रस्ते केले, झाडं गेली, दरडी सुटल्या, राडारोडा खालच्या सुपीक शेतांत आणि जलाशयांत उतरला. पिढ्यान्‌पिढ्या त्या डोंगरांवर वावरणाऱ्यांना चौक्या लावून अडवलं गेलं. त्यांच्या वनहक्काचा प्रश्न तसाच पडून होता.

मेडशीभोवतीही जंगल आहे, त्यावर जगणारी माणसं आहेत. कंपनीचा माणूस ग्रामसभेत आला तर मनोरे किती, भाडं किती हे तो आपणहून सांगेल. वर जाणारा रस्ता कुठून काढणार, उकरलेला मुरूम कुठे टाकणार, वनहक्काचे दावे निकाली निघाले का आणि गुरं चारायची वाट खुली राहील का, हे मात्र आपणच विचारायचं आणि उत्तरं ठरावात लिहून घ्यायची. पावसाळ्यातली वीज हिवाळ्यापर्यंत साठवता येईल का, ते पुढच्या भागात.