सोन्याच्या मोहोरेची पारख

भाईंदरच्या एखाद्या घरीं आजीच्या पेटींत राणी व्हिक्टोरियाच्या मुखवट्याची मोहोर निघाली, तर ती घासूं नये, असें आम्ही आग्रहानें सांगतों. १८३५ च्या कायद्यानें मोहोरेचें वजन १८० ग्रेन, म्हणजे सुमारें ११.६६ ग्रॅम, ठरलें. म्हणून प्रथम वजन पाहावें. 'प्रूफ' नाणें घोटलेल्या ठशांनीं, घोटलेल्या चकतीवर पाडतात. त्यामुळें चित्राभोंवतालचा पृष्ठभाग आरशासारखा दिसतो व अक्षरें रेखीव उठतात. घासलेलें साधें नाणेंही चमकतें, पण त्याचीं अक्षरें बोथट होतात. शिवाय मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळींनीं जुन्या सालांचीं प्रूफ नाणीं मागाहूनही पाडलीं. तेव्हां केवळ सालावर विसंबूं नये, जाणत्यास दाखवावें. घासल्यानें हा पुरावाच पुसला जातो आणि इतिहास जाऊन केवळ सोनें उरतें.