‘द सर्चर्स’ पुन्हा पाहताना

घोडे, बंदुका आणि तांबड्या मातीचा धुरळा यांनी भरलेले अमेरिकन ‘वेस्टर्न’ चित्रपट एकदा पाहिले की संपले, असे आपल्याकडचे पुष्कळ रसिक समजतात. आणि बहुतेक चित्रपटांच्या बाबतीत ते खोटेही नाही. जॉन फोर्ड यांचा १९५६ सालचा ‘द सर्चर्स’ मात्र याला ठळक अपवाद आहे. त्याची गोष्ट पहिल्या वेळीच कळते. ती तशी का घडली, हे दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कळू लागते. कारण त्यामागची खरी कारणे दिग्दर्शकाने पात्रांच्या तोंडी घातलेलीच नाहीत.

गोष्ट १८६८ सालच्या टेक्सासमधली. यादवी युद्ध संपून तीन वर्षे झाली आहेत. हरलेल्या दक्षिणेकडून लढलेला ईथन एडवर्ड्स (जॉन वेन) आता कोठे भाऊ आरन याच्या घरी परततो. मधली तीन वर्षे तो कोठे होता, हे कोणी विचारले तर सरळ उत्तर नाही. लवकरच कोमांची टोळी त्या घरावर धाड घालते. भाऊ, भावजय मार्था आणि पुतण्या मारले जातात. दोन्ही मुली पळवल्या जातात. थोरली काही दिवसांतच मेलेली सापडते. धाकटी डेबी हिच्या शोधात ईथन आणि त्या घरात वाढलेला मार्टिन पॉली वर्षानुवर्षे वणवण हिंडतात. आणि मध्येच आपल्या ध्यानात येते, की पुतणी सापडली तर हा काका तिला सोडवणार नाही, ठार मारणार आहे! कोमांचींत राहून ती बाटली, असे त्याचे मत.

इतका द्वेष कोठून आला? पहिल्या वेळी आपण म्हणतो, भावाचे घर जळाले म्हणून. दुसऱ्या वेळी मात्र धाडीच्या आधीचा एक प्रसंग नीट पाहावा.

रेव्हरंड कॅप्टन क्लेटन हा धर्मोपदेशकही आहे आणि रेंजर्सच्या तुकडीचा नायकही. वॉर्ड बाँड यांनी ही दुहेरी भूमिका मोठ्या झोकात केली आहे. तो सकाळी तुकडी घेऊन येतो, बाकीची मंडळी बाहेर पडतात आणि हा कॉफीचा पेला हातात घेऊन उभा असतो. मागे आतल्या खोलीचे दार उघडे आहे. तेथे मार्था दिराचा कोट आणायला गेली आहे. तो कोट ती नुसता उचलत नाही. त्यावरून हळुवार हात फिरवते, कुरवाळते. क्लेटनला ते दिसते. तो मान वळवतो आणि समोर, कशाकडेच नाही असा, पाहत राहतो. मार्था बाहेर येऊन कोट देते. ईथन तिच्या कपाळाचे चुंबन घेतो आणि निघतो. क्लेटन अजून समोरच पाहत कॉफी पीत आहे. एक शब्द नाही. त्याचे ते न पाहणे हीच साक्ष! नवऱ्याला जे कळलेले दिसत नाही, ते या पाहुण्याने ओळखले आहे आणि पोटात घातले आहे.

हे एकदा उमजले, की मागचेपुढचे सारे उलगडू लागते. ईथन परत आला तेव्हा मार्था पाठमोरी घरात शिरली नव्हती. त्याच्यावरची नजर न काढता, उलट्या पावलांनी आत गेली होती. आरनने एकदा बोलून दाखवले होते, की युद्धापूर्वीही तू येथे उगाच रेंगाळलास. ते वाक्य आपण शेतीच्या बोलण्यात सोडून दिले होते. आणि जळत्या घराकडे धावताना ईथनच्या तोंडून हाक येते ती भावाची नव्हे, मार्थाची.

आणखी एक खूण याहूनही सहज निसटते. धाडीच्या रात्री आई डेबीला आजीच्या थडग्यापाशी लपायला पाठवते. त्या दगडावरची अक्षरे वाचावीत. मेरी जेन एडवर्ड्स, कोमांचींच्या हातून मृत्यू, १२ मे १८५२. म्हणजे ईथनची आईही सोळा वर्षांपूर्वी अशीच गेली. सबंध चित्रपटात याचा कोणी उच्चार करत नाही. त्याच दगडापाशी टोळीचा नायक स्कार याची सावली डेबीवर पडते.

या स्कारचीही बाजू आहे. आपली मुले गोऱ्यांनी मारली, असे तो सांगतो. ईथन त्याच्या इंग्रजीला टोमणा मारतो, तर तो ईथनच्या कोमांची बोलीला तोच टोमणा परत करतो. ईथनने डेबीला दिलेले पदक त्याच्या गळ्यात आहे. दोघे समोरासमोर उभे राहिले, की एकाने आरशात पाहावे तसे वाटते.

याचा अर्थ चित्रपट निर्दोष आहे असा नव्हे. स्कारचे काम एका गोऱ्या नटाने केले आहे, आणि युटा-ॲरिझोनाच्या सीमेवरच्या मॉन्युमेंट व्हॅलीत नावाहो लोकांना कोमांची म्हणून उभे केले आहे. मार्टिनच्या गळ्यात चुकून पडलेल्या लुक नावाच्या स्त्रीला तो लाथेने उतारावरून लोटतो, आणि ते विनोद म्हणून दाखवले आहे. तो विनोद आज पाहवत नाही. पुढे घोडदळाने जाळलेल्या वस्तीत तीच लुक मेलेली दिसते, तेव्हा मागचे हसू घशात अडकते. हे फोर्ड यांनी जाणून केले की काय, यावर वाद घालता येईल. मला स्वतःला ते जाणूनच केलेले वाटते.

आता शेवट. पळणाऱ्या डेबीला ईथन गुहेच्या तोंडाशी गाठतो. मार्टिन ओरडतो आहे. ईथन दोन्ही हातांनी तिला वर उचलतो, आणि मग मारण्याऐवजी कवेत घेतो. का? पहिल्या वेळी हे मन:परिवर्तन फुकाचे वाटते. परंतु घरी आला त्या संध्याकाळी, चिमुकल्या डेबीला थोरली बहीण समजून, त्याने असेच दोन्ही हातांनी वर उचलले होते. मनाला न आठवलेले हातांना आठवले असावे.

मग शेजारच्या जॉर्गेन्सन कुटुंबाचे दार. आरंभी मार्थाने दार उघडले तेव्हा आपण आतल्या अंधारातून बाहेरचे ऊन पाहिले होते. आताही तसेच पाहतो आहोत. जॉर्गेन्सनबाई डेबीला घेऊन आत येतात, मार्टिन येतो. ईथन बाहेरच थांबतो आणि एका हाताने दुसऱ्या हाताचे कोपर धरतो. मूकपटांच्या काळात, १९१७ पासून, फोर्ड यांच्या चित्रपटांचे नायक असलेल्या हॅरी कॅरी यांची ही लकब. ते १९४७ मध्ये वारले. जॉर्गेन्सनबाईंचे काम करणाऱ्या ऑलिव्ह कॅरी या त्यांच्या पत्नी. त्या नुकत्याच दारातून आत गेल्या आहेत. ईथन वळून उन्हात चालू लागतो, आणि दार लागते.